सहावी रायफल

“काकू, शिकाऱ्याकडे रायफली जास्त झाल्या असं होऊच शकत नाही. तुम्हाला कधी साड्या जास्त झाल्यात का?”

हे मला निनादने विचारलं. निनाद म्हणजे माझ्या लेकाचा ऑफिसातला मित्र. मूळचा पुण्याचा, तोक्योत तोयोसुला एकविसाव्या मजल्यावर राहणारा. बंदूक त्याने कॉम्प्युटरच्या खेळाबाहेर कधी हातात धरलेली नाही. तोक्योला लेकाकडे गणपतीचं जेवण झालं होतं, सगळे सुपारी चघळत बसले होते, आणि मी बंदुकीच्या दुकानात काम करते हा विषय दरवर्षीसारखा निघाला होता. तो बोलला आणि सगळी खोली हसली. माझी सून हसली. नातवाला मराठी विनोद कळत नाहीत, तोसुद्धा हसला.

मी म्हटलं, “बाबा रे, साडी सुटली तर माझी लाज जाते. दुसऱ्याच्या घरचं माणूस जात नाही.”

पुन्हा सगळे हसले. म्हणजे तेही विनोदातच जमा झालं! क्योतोला परत येताना गाडीत सगळी वाट मी मनातल्या मनात भांडत होते. आणि घरी पोचते तोवर आपल्या दिवाळी अंकाच्या संपादिका बाईंचा निरोप: “काकू, तुमच्या दुकानाबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा ना.”

लिहिते. पण हलकं काही निघेल असं वाटत नाही.

आधी हे सांगते की मी तिथे पोचले कशी, कारण लोकांना तेच आधी हवं असतं. आमचे हे मुंबईच्या एका व्यापारी कंपनीतर्फे ओसाकाला आले. घर क्योतोला घेतलं, कारण यांना ओसाकाचा गोंगाट नको होता. मला काय हवं होतं? विचारलं की! “चालेल ना तुला?” असं विचारलं, तेव्हा घराची किल्ली त्यांच्या खिशात होती. तर त्या घराच्या गल्लीच्या तोंडाशीच ओनो-सान, म्हणजे ओनोसाहेब, यांचं बंदुकांचं दुकान. सुरुवातीला तिथून जाताना मी मुलाचा हात घट्ट धरून रस्ता ओलांडायचे.

इथे मोठा कचरा टाकायचा एक ठरलेला दिवस असतो. कपाटं, खुर्च्या, फळ्या लोक बाहेर ठेवतात. एकदा त्यात मला चेरीच्या लाकडाची जाड फळी दिसली. उचलली. करवतीने गोल केली, काचपेपरने घासली आणि पोळपाट केला. त्याला जवसाचं तेल तळहाताने चोळत दाराशी बसले होते, तर ओनो-सान थांबले. पोळपाट हातात घेतला, उन्हात तिरका धरला. लाकडाच्या शिरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे कुणी शिकवलं?” कुणीच नाही. तेल लाकडात मुरेपर्यंत चोळायचं, यात शिकवायचं काय? दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला आरुबाइतो दिलं, म्हणजे दिवसातले थोडे तास काम. लेकाच्या मराठी मित्रांनी मला मारलेली हाक ऐकून ते मला ‘काकू-सान’ म्हणायला लागले, ते आजतागायत. हे गेले, मुलगा तोक्योला गेला, माझं ते थोड्या तासांचं काम काही सुटलं नाही.

आता काम. बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो, तो दस्ता. मी दस्त्याचं काम करते. लोखंडाला हात लावायची मला परवानगी नाही आणि इच्छाही नाही. ओनो-सान दस्ता सुटा करून माझ्यापुढे ठेवतात. लाकूड बहुतेक अक्रोडाचं. ते घासायचं, ओलं करून शिरा वर आणायच्या, पुन्हा घासायचं, मग तेल, तळहात गरम होईस्तोवर. पण चकाकी हा त्यातला वरवरचा भाग झाला. खरं काम मापाचं. ब्लाउज शिवताना जसं दुसरीच्या मापाचं चालत नाही, तसंच हे. माणसाचा हात केवढा, मान केवढी, गाल कुठे टेकतो, त्यावर दस्ता कापायचा किंवा वाढवायचा. आमच्याकडे मापाची एक लाकडी नकली बंदूक आहे. गिऱ्हाइकाला सांगायचं, डोळे मिटा, खांद्याला लावा, आता उघडा. उघडल्यावर नजर आपसूक नळीच्या रेषेत असली, तर माप बसलं. मान हलवावी लागली तर नाही बसलं. नेम चुकतो, जनावर नुसतं जखमी होतं आणि डोंगरात कुठेतरी तडफडत मरतं. म्हणून मला माप महत्त्वाचं वाटतं.

आणि हो, मी शाकाहारी आहे. पण इथल्या खेड्यात रानडुकरं नि हरणं शेताचं काय करतात हे मी पाहिलंय. शिकाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. दोन बंदुका लागतात हेही मला पटतं. उघड्या माळावरचं हरीण वेगळं, झाडीतलं डुक्कर वेगळं. पोळपाट एक असला तरी तवे दोन लागतातच की.

इथला कायदा कडक आहे. प्रत्येक बंदुकीला वेगळा परवाना. रायफल हवी तर आधी कितीतरी वर्षं छऱ्याची बंदूक नीट सांभाळून दाखवायची. घरात पोलादी कपाट, काडतुसं वेगळ्या पेटीत. वर्षातून एकदा सगळ्या बंदुका पोलिसांपुढे नेऊन मांडायच्या. आणि सगळ्यात मला आवडणारी गोष्ट: परवाना देण्याआधी पोलीस घरच्यांना विचारतात. बायकोला विचारतात! नवरा पितो का, भांडतो का, ही नवी बंदूक घरात आली तर तुम्हाला काही काळजी वाटते का? हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ओनो-सानना तीन वेळा विचारलं, खरंच? बायकोला?

या एवढ्या कडक कायद्यात किती बंदुका म्हणजे जास्त, याचा आकडा मात्र नाही. कारण दाखवा आणि घ्या.

कारणं दाखवण्यात मोरिता-सान यांचा हात कुणी धरला नसता. आयुष्यभर कुठल्याशा कंपनीत विक्री खात्यात होते. निवृत्त होऊन उत्तरेकडच्या डोंगरात आपल्या गावी जाऊन राहिले. गोड बोलणारा माणूस, येताना पर्सिमन फळांची पिशवी आणणारा. पहिली रायफल हरणासाठी. दुसरी डुकरासाठी. तिसरी हलकी, कारण चढ चढताना दम लागतो. चौथी कशाला, तर पहिली दुरुस्तीला गेली तर असावी म्हणून. पाचवी त्यांच्या मेलेल्या मित्राची. मित्राच्या बायकोला ती घरात नको होती आणि यांना ती मोडीत जाऊ द्यायची नव्हती. पाचही वेळा कारण बरोबर, कागद बरोबर. पाचही वेळा पोलीस घरी आले, आणि पाचही वेळा त्यांच्या बायको, योशिको-सान, चहा ठेवून म्हणाल्या, “विशेष काही नाही.”

आता गंमत बघा. गंमत कसली, माझं डोकं इथेच फिरतं. वर्षाच्या तपासणीत पोलीस विचारतात, ही बंदूक वापरता का? वापरत नसाल तर ठेवता कशाला, सोडून द्या. त्यामुळे ज्याच्याकडे बंदुका जास्त, त्याला सगळ्या वापराव्या लागतात. मोरिता-सान यांनी पाळ्या लावल्या होत्या. एकत्र कुटुंबात सुनांच्या स्वयंपाकाच्या पाळ्या असायच्या तशा. आज हिची पाळी, उद्या तिची.

गेल्या हिवाळ्यात एका शिकारीला पाचवीची पाळी होती.

पुढचं मला ताकेदा-सान यांनी सांगितलं. ताकेदा-सान म्हणजे त्यांच्या गटातले कुत्रेवाले. इथे डुकराची शिकार गटाने होते. कुत्रेवाला कुत्र्यांना घेऊन वरून येतो, डुक्कर खाली पळतं, आणि खाली बाकीचे आपापल्या जागी बंदूक धरून उभे असतात. ताकेदा-सानचा मुख्य कुत्रा कुरो. काळा, एका कानाचा शेंडा फाटलेला. दुकानात आला की माझ्या तेलाच्या भांड्यापाशी बसून राहायचा. मी तेलकट हात त्याच्या पाठीला पुसायचे आणि तो पुसू द्यायचा.

रायफलीला एक छोटी कळ असते, सेफ्टी. ती लावलेली असली की चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. मोरिता-सान यांच्या पहिल्या चारही रायफलींची कळ पुढे ढकलली की बंदूक तयार. पाचवी जुन्या घडणीची. तिची कळ मागे ओढायची. घरी बसून विचारलं असतं तर त्यांनी बरोबर सांगितलं असतं. पण समोरून डुक्कर येताना माणूस आठवत नाही, त्याचं बोट आठवतं. चार रायफलींनी बोटाला शिकवलं होतं, पुढे. त्यांनी पुढे ढकललं. चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. काडतूस अडकलं असं वाटून ते खाली बघून खटपट करत राहिले. डुक्कर त्यांना बघून उलटं फिरलं, आणि त्याच घळीतून खाली येणाऱ्या ताकेदा-सानवर गेलं. अरुंद घळ, बाजूला व्हायला जागा नाही.

कुरो मध्ये गेला.

डुक्कर नंतर दुसऱ्या कुणीतरी मारलं. ताकेदा-सानच्या मांडीला टाके पडले. कुरो गाडीत, त्यांच्या मांडीवरच गेला.

आणि मग काय झालं ठाऊक आहे? रीतीप्रमाणे मांसाचे सारखे वाटे झाले. मोरिता-सान यांना त्यांचा वाटा मिळाला, इतरांएवढाच. कुत्र्यांचाही एक वाटा असतो, तो कुत्रेवाल्याला जातो. कुरोचा वाटा ताकेदा-सान यांच्या घरी पोचता केला. ताकेदा-सान यांनी तो अंगणाबाहेरच ठेवला आणि दार लावून घेतलं.

हे सांगताना त्यांनी कुरोच्या गळ्यातली पितळी घंटा काउंटरवर ठेवली. म्हणाले, “घरी ठेववत नाही, काकू-सान. तुमच्याकडे असू दे.” मग म्हणाले, “मोरिता-सान वाईट माणूस नाहीत.”

मला इतका राग आला! मी म्हटलं, “वाईट नाहीत हे मला माहीत आहे. वाईट असते तर पोलिसांनी पहिलीच दिली नसती!” खरं आहे की नाही? आणि पोलिसांत सांगायला तरी काय होतं? गोळी सुटलीच नव्हती. कागदावर त्या दिवशी मोरिता-सान यांनी काहीही केलेलं नव्हतं. गटात सगळे म्हणाले, डुक्करच बेफाम होतं. चूक कुणाच्या नावावर लावायला नको, आणि नावाशिवाय चूक ठेवायची कुठे, म्हणून ती डुकराच्या नावावर लावली.

महिन्याभराने मोरिता-सान दुकानात आले. हातात मिठाईचा डबा. ताकेदा-सानकडे जाऊन वाकून माफी मागून आले होते. चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता म्हणतील, पाचवी परत घ्या.

त्यांनी ओनो-सानपुढे कॅटलॉग उघडलं.

“ही. हिची सेफ्टी माझ्या पहिल्या चारींसारखीच आहे. म्हणजे तसला घोटाळा पुन्हा व्हायला नको.”

मी आतून हात पुसत बाहेर आले. “आणि ती पाचवी?”

“ती मित्राची आठवण आहे, काकू-सान.”

“म्हणजे सहा?”

“कारण आहे ना आता,” ते म्हणाले. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले हो! थट्टेने म्हणाले असते तर मी डबा त्यांच्या हातात परत दिला असता.

ओनो-सान मला म्हणाले, “परवाना मिळायला वेळ लागेल. तोवर दस्त्याचं माप घेऊन ठेवू या.”

“माप घेते ना,” मी म्हटलं. “डोक्याचं घेते.” हे मराठीत म्हटलं. पण इतक्या वर्षांत ओनो-सान माझं मराठी सुरावरून ओळखतात. ते चष्मा पुसायला लागले. मोरिता-सान गेल्यावर मी त्यांना जपानीत सांगितलं की त्या लाकडाला मी हात लावणार नाही. ते म्हणाले, “गिऱ्हाईक आहे, काकू-सान. कायद्यात बसतंय. मी नाही म्हटलं तर ते ओसाकाला जाऊन घेतील.” हेही खरंच होतं. पण खरं असलं म्हणून काय राग येऊ नये?

दोन-चार दिवसांनी योशिको-सान आल्या. एकट्या कधी येत नसत. हाताने मुरवलेल्या उमेबोशीची, म्हणजे इथल्या आंबट लोणच्याची, बाटली रुमालात बांधून आणली होती. मी त्यांना आतल्या बाजूला स्टूल दिलं. चहा केला, आपला, आल्याचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, पोलीस पुन्हा येणार आहेत विचारायला.

“मग?”

“मग काय,” त्या म्हणाल्या, “विशेष काही नाही.” आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. हसता हसता सांगायला लागल्या, हल्ली यांची किती गंमत होते. टीव्हीचा रिमोट घेऊन एसीकडे धरतात. एसीचा घेऊन टीव्हीकडे. बटण दाबत राहतात, मग म्हणतात, बॅटरी गेली. “परवा तर दोन्हींच्या बॅटऱ्या नव्या आणल्या!”

मी हसले नाही. माझ्या डोळ्यापुढे ती घळ आली. चाप ओढतायत, काही होत नाही, खाली बघून खटपट करतायत. योशिको-सान यांचा हात हळूहळू तोंडावरून खाली आला.

मी म्हटलं, “योशिको-सान, हे त्या पोलिसाला सांगा.”

“छे! यांना किती त्रास होईल.”

“आणि ताकेदा-सानना झाला तो?”

“पोलिसांचं ते विचारणं म्हणजे रीत असते, काकू-सान. कुणी खरं विचारत नसतं.”

इथे माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण थोडं लिहिते. मी म्हटलं, आमच्याकडे बाईला विचारत नाहीत. विचारलं तर किल्ली आधीच खिशात असते. मला माझ्या नवऱ्याने विचारलं, चालेल ना? मुलगा अजून विचारतो, चालेल ना आई? मी चालेलच म्हणते, कारण ‘नाही’साठी त्यात जागाच ठेवलेली नसते. आणि तुमच्याकडे एक माणूस, सरकारी, गणवेश घालून, तुमच्या दाराशी येऊन थांबतो. तुम्ही नाही म्हणालात तर खरोखर अडतं! हे एवढं तुमच्या हातात दिलंय आणि तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवता? पाच वेळा? तो कुरो मध्ये नसता आला, तर ताकेदा-सानच्या बायकोकडे जाऊन काय म्हणाला असतात, विशेष काही नाही?

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं ओनो-सान यांचं मत आहे. माझं तसं नाही.

योशिको-सान यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. चहा छान होता म्हणाल्या. वाकून नमस्कार केला आणि गेल्या. ओनो-सान बाहेरून म्हणाले, “गिऱ्हाईक गेलं.” उमेबोशीची बाटली तशीच पडून होती, मला ती उघडवेना.

थंडी सरताना त्या परत आल्या. बसायच्या आधीच सांगायला लागल्या. पोलीस आला, तरुण होता, बूट व्यवस्थित लावून ठेवणारा. मोरिता-सान यांना बाहेर बसायला सांगून त्याने नेहमीचे प्रश्न विचारले. पितात का? नाही. भांडतात का? नाही. या सहाव्या रायफलीबद्दल तुम्हाला काही वाटतं का?

“मी म्हणणार होते, विशेष काही नाही,” योशिको-सान म्हणाल्या. “तोंडात आलं होतं. पण मी उठले. दोन्ही रिमोट आणले आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवले. म्हटलं, आमच्या घरात हे दोन आहेत. दोनच. तेही यांना जास्त होतात.”

एवढं सांगून त्या हसल्या. या वेळी तोंडावर हात नव्हता.

त्या पोरानेही चांगलं केलं. लिहून घेतलं, पुढे विचारलं. मोरिता-सान यांना डॉक्टरकडे पाठवलं. आजार नाही, वय आहे, असं डॉक्टर म्हणाले. सहावी मिळाली नाहीच. समजावून, बसवून, मित्राच्या आठवणीसकट बाकीच्याही सोडायला लावल्या. पहिली तेवढी ठेवली. तीही गटाबरोबर न्यायची नाही, हे योशिको-सान यांनी ठरवलं. महिनाभर नवरा बायकोशी बोलत नव्हता. योशिको-सान म्हणाल्या, फार शांत गेला महिना.

निनाद, हे तुझ्यासाठी लिहितेय. किती म्हणजे जास्त, हे कपाटात मोजून कळत नाही. त्या माणसाचं बोट घाईत कुठे जातं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना विचारावं लागतं. आणि त्यांनी सांगावं लागतं. कुरो गेल्यावर नाही, आधी.

याच महिन्यात मोरिता-सान दुकानात आले. वयाने खांदे आत आलेत, म्हणून त्या एकुलत्या रायफलीचा दस्ता थोडा आखूड करून हवा होता. मी नकली बंदूक दिली. “डोळे मिटा. लावा खांद्याला. उघडा.” मान जरासुद्धा हलली नाही. नजर सरळ रेषेत.

“दिसतंय नीट?”

“छान दिसतंय.”

“मग बाकीच्या कशाला हव्या होत्या?”

त्यांनी नकली बंदूक खाली ठेवली. जुना गोडवा चेहऱ्यावर आणला. मागच्या दिवाळीला मी दुकानात पैठणी नेसून आले होते, ते त्यांच्या लक्षात होतं.

“काकू-सान,” ते म्हणाले, “तुमच्याकडे साड्या किती आहेत?”

ओनो-सान हसले. काउंटरच्या मागे खिळ्याला कुरोची घंटा टांगलेली आहे. हात वर करून ती एकदा वाजवली.

मोरिता-सान यांनी टोपी काढली आणि ते घंटेपुढे वाकले. घंटेचा आवाज थांबला, तरी ते तसेच वाकून उभे होते.